कावळ्याला घाबरणारा देव

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा देव फार घाबरट होता. प्रसादाला घाबरायचा, कुंकवाला घाबरायचा, शेजारी आरती सुरू झाली की खिडक्या लावून घ्यायचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तर तो चक्क एका कावळ्याला घाबरला. शिक्षा झाली माझ्या आईला.

आई लासलगावकडच्या शेतकऱ्याची लेक. बाप्तिस्मा घेऊन तिने माझ्या वडिलांशी लग्न केलं, तेव्हापासून आजोबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. नाशिकला येणाऱ्या ट्रकबरोबर कांद्याची गोणी मात्र दरवर्षी यायची. निरोप काही नाही, नुसते कांदे.

आजोबा गेले. दहाव्याला मामाने आईला नाशिकच्या गंगेवर, म्हणजे गोदाकाठी बोलावलं. पिंड मांडले, पण कावळा काही शिवेना. मामाने हात जोडले, शेत विकणार नाही म्हणाला, म्हातारीला सांभाळीन म्हणाला. कावळे झाडावर ढिम्म. मग गावची एक बाई म्हणाली, "म्हाताऱ्याचा जीव लेकीत अडकलाय. तू बोल गं."

आई पुढे झाली. "आबा, मी सुखात हाय. माझा तुमच्यावर राग नाय." एवढंच. कावळा आला, भाताला चोच लावली, आणि मामा लहान पोरासारखा रडला.

आमच्या चर्चच्या कमिटीतले एक गृहस्थ तेव्हा गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात भाजी घेत होते. त्यांनी हे पाहिलं. पिशवीत वांगी, तोंडात चुगली, थेट पाळकसाहेबांच्या दारात! रविवारी निकाल लागला: बाईंनी मूर्तिपूजा केली, पश्चात्ताप करेपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या नावाने मिळणारा भाकरीचा तुकडा अन् द्राक्षारस, बंद. कावळा मूर्ती कधीपासून झाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"एकदा चुकले म्हण आणि मोकळी हो," वडील म्हणायचे.

"बापाशी बोलले, त्यात चुकलं काय?" आई विचारायची. पण तिला त्या भाकरीच्या तुकड्याची फार ओढ होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती न चुकता पांढरं लुगडं नेसून बाकावर बसायची, आणि तेच वांगीवाले गृहस्थ तिच्या डोक्यावरून तबक पलीकडे द्यायचे. मेल्यांना लाज कशी वाटली नाही? आणि सोमवारी हेच लोक जीप काढून पेठकडच्या आदिवासी पाड्यांवर जायचे, देवाच्या प्रेमाला सीमा नाही असं शिरा ताणून सांगायला.

अशी काही वर्षं गेली. कांद्याची गोणी आता मामा पाठवायचा. शेवटच्या दुखण्यात आई म्हणाली, "मरण्याआधी एकदा प्रभुभोजन मिळू दे गं." राग गिळून मी पाळकसाहेबांना घेऊन आले. त्यांनी खाटेशेजारी डबी उघडली, भाकरीचा तुकडा हातात धरला. "फक्त चूक झाली म्हणा, बाई."

आई हात पुढे करून त्या तुकड्याकडे बघत होती. "साहेब, आमचे आबा कुठं असतील आता? प्रभूजवळ?"

"बाप्तिस्म्यावाचून?" पाळकसाहेब हसले. खरंच हसले! "ते बाहेरच राहिले, बाई."

आईने हात मागे घेतला. "मग ठेवा ते. माझा बाप दाराबाहेर उपाशी उभा, अन् मी पंगतीत बसून जेवू होय?"

पाळकसाहेब डबी मिटून निघून गेले. ती रडेल म्हणून मी जवळ बसले, पण ती रडली नाही.

"भूक लागली," म्हणाली. "भाकरी आण. अन् गोणीतला एक कांदा फोड."