डाव्या गालातली गोळी

"जनावरांचं तुम्हाला कळतं, मुलांचं आमच्यावर सोडा." बीडमधल्या एका क्लासच्या सरांनी मला हे बाकीच्या पालकांसमोर ऐकवलं. सर हसले, मग पालकही हसले. त्याला आता बरेच महिने झाले. ते हसणं माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि जावं अशी माझी इच्छाही नाही.

मी बैल आणि शेळ्यांचा व्यापार करतो. घाटनांदूरच्या बाजूला आमचं घर. शाळा दहावीच्या आतच सुटली. दुसऱ्याची जनावरं पायी बाजारात हाकत नेण्यापासून मी सुरुवात केली आणि आज माझी जनावरं माझ्या टेम्पोत जातात. हा सगळा धंदा तोंडात बघून चालतो. जबडा उघडायचा आणि खालचे दात बघायचे. दुधाचेच असतील तर आदत, दोन पक्के आले तर दोनदाती, पुढं चारदाती, सहादाती, आणि सगळे आले की जनावर जुळलं. मालक वय सांगतो ते मी ऐकून घेतो, पण बोली तोंड बघितल्यावरच लावतो. शिवाय दावणीला उभ्या उभ्या दात खाणारं, म्हणजे दातावर दात कराकरा घासणारं जनावर मी फुकटही घेत नाही. त्याला आतून कुठंतरी दुखत असतं. कुठं ते सांगता येत नाही, पण दुखत असतं हे नक्की.

माझी मुलगी हुशार निघाली. दहावीनंतर तिला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी बीडला घातलं. क्लास आणि मुलींचं वसतिगृह एकाच सरांचं. पहाटे अंधारात अभ्यासिका, दिवसभर क्लास, संध्याकाळी चाचणी, जेवण झालं की पुन्हा अभ्यासिका. वेळापत्रक भिंतीवर लावलेलं होतं. त्यात झोपेचा रकाना बारका होता. मला ते बघून बरंच वाटलं होतं. कष्टाशिवाय मला काही मिळालं नव्हतं, मग पोरीलाही कष्ट पडणारच, असा माझा हिशेब.

दिवाळीला ती घरी आली तेव्हा गालफडं बसली होती. फराळाच्या ताटावरून उठली आणि भरदुपारी पलंगावर आडवी झाली. मी बाहेरच्या खोलीत होतो. आतून आवाज आला. आधी वाटलं, कुणीतरी जात्याला टाकी लावतंय. आत जाऊन बघितलं तर पोरगी गाढ झोपलेली, तोंड किंचित उघडं, आणि मधेच जबडा आवळून दातावर दात घासत होती. मी दारातच थांबलो. हा आवाज मी ओळखत होतो.

बायको म्हणाली, "जंत झालेत तिला. तिथलं बाहेरचं खाऊन दुसरं काय होणार?"

आमच्याकडे झोपेत दात खाणाऱ्या पोराला जंतच झालेले असतात. दुसरं कारण कुणी शोधत नाही. मग ओवा आणि गूळ सुरू झाला. ओवा तिखट लागतो म्हणून गूळ जरा जास्त. पोरगी निमूट खायची, पण घास एकाच बाजूनं चावायची. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मी म्हटलं, "इकडं ये. तोंड उघड बरं."

"कावून?"

"बघू दे."

"मी काय तुमचा बैल हाय का, पप्पा?" ती उठून आत गेली. बायको हसली आणि मीही हसलो. हाताखालून हजारो जबडे गेलेला माणूस मी. घरातलं तोंड न बघताच मी तिला सुट्टी संपल्यावर एसटीत बसवून दिलं.

थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. बोलताना शब्द जड येत होते. डाव्या बाजूचा गाल सुजला होता. मी बाजार सोडून निघालो आणि तिला बीडमध्ये दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी बराच वेळ दिव्याखाली बघितलं. मागची एक दाढ पार पोखरली होती, ती काढावीच लागणार होती. तिच्या पुढची वाचेल, पण नस साफ करून वर टोपी बसवावी लागेल. हिरड्या सुजलेल्या, हात लावला की रक्त. दातांचे शेंडेही घासून सपाट झाले होते.

"सगळं डावीकडंच कसं?" बाईंनी विचारलं.

पोरीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग सांगितलं. पहाटेच्या अभ्यासिकेत डुलकी लागली की उभं करतात. म्हणून सगळ्या मुली गालात कॉफीची गोळी धरून बसतात. ती विरघळत असते तोवर डोळा मिटत नाही. ही उजव्या हातावर गाल टेकून वाचायची, म्हणून गोळी डाव्या गालात. रात्रीच्या अभ्यासिकेतही तेच. खोलीवर आली की ब्रश हातात घ्यायचंही त्राण नसायचं. कधी कधी गोळी तोंडात तशीच असताना झोप लागायची.

बाई म्हणाल्या, "झोप कमी झाली म्हणून दात किडले, असं मी सरळ म्हणणार नाही. पण झोप मोडली की तिच्यामागं बाकीचंही मोडतं. जागं राहायला गोड लागतं. थकल्यावर दात घासले जात नाहीत. झोपेत लाळ कमी असते, त्यात तोंड उघडं ठेवून झोपली की आणखी कोरडं पडतं आणि गोड तसंच दातांवर बसतं. अंगाला विसावा नसला की हिरड्याही लवकर सुजतात. आणि ताण असला की काही जण झोपेत दात खातात. मी दात दुरुस्त करीन. झोपेचं तुम्ही बघा."

जंतांचं मी विचारलं नाही. ओवा-गुळाचं मात्र सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

दाढ काढली तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. पक्की दाढ होती. एकदा गेली की पुन्हा येत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिथून पोरीला घेऊन मी थेट क्लासच्या कार्यालयात गेलो. सुरुवातीला नीटच बोललो. पहाटेची आणि रात्रीची अभ्यासिका हिला सोडा, एवढंच म्हटलं. सर म्हणाले, एकीला सोडलं तर सगळ्या मागतील. मी म्हटलं, मग सगळ्यांनाच झोपू द्या. त्यावर त्यांनी जनावरांचं ते वाक्य टाकलं आणि तिथं बसलेले पालकही हसले.

माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटला. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोरीची पेटी उचलली आणि तिला घेऊन बसस्टँडवर आलो.

"घरी चल. न्हाई करायची डॉक्टरकी."

ती रडली नाही. तोंडात कापूस होता, त्यातूनच हळू बोलली. "पप्पा, तुमी सरांशी भांडलात. सौदा कुठं केला?"

"त्याच्याशी कसला सौदा?"

"बाजारात तुमी चिडून उठता न्हाई का?"

"उठतो."

"मग माघारी जाता का न्हाई?"

जातोच. चिडून उठणं हा निम्मा सौदा असतो, हे ती लहानपणी माझ्याबरोबर बाजारात येऊन शिकली होती.

"मला डॉक्टर व्हायचंय," ती म्हणाली. "पण झोप लई येते, पप्पा. बसल्या जागी येते. फळ्यावरचं दिसत न्हाई." एवढं बोलताना मात्र तिचा आवाज फाटला.

मग तिनं ओढणीचं टोक माझ्या हातावर टाकलं. आमच्या बाजारात भाव असाच ठरतो, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. ओढणीखाली तिनं माझी पाच बोटं धरली आणि वर एक. सहा तास झोप. मी हात झटकला आणि तिची आठ दाबली. तिनं मान हलवली. स्टँडवरची माणसं बघत होती. शेवटी सातवर आलो, आणि वर रविवारी दुपारी पोटभर. ती आणखी एक मागायला लागली, की घरी न्यायचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, दिलं.

मी पेटी घेऊन माघारी गेलो. सरांना सांगितलं, पोरगी माझ्या बहिणीकडं बीडमध्येच राहील, फक्त दिवसाच्या क्लासला येईल, तुमच्या अभ्यासिकेचं नाव नको. चाचण्यांत ती वरच्या मुलींत होती. तिला सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं, हे मला दिसत होतं. बराच वेळ ताणून ते म्हणाले, "मार्क खाली आले तर आम्हाला विचारू नका." हे मी मान्य केलं. जनावरांवरून टाकलेला तो शब्द त्यांनी मागं घेतला नाही. आजही घेतलेला नाही. तिथल्या बाकीच्या मुली अजून पहाटे गालात गोळी धरून बसतात. दुसऱ्या कुणाचा बाप तिथं गेल्याचं मी ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात रविवारी बीडला कामानं गेलो होतो. बहिणीकडं पोचलो तर ती दारातच म्हणाली, "हळू बोल दादा, निजलीय." आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर मी बसून राहिलो. शेजारच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. पंखा फिरत होता. पोरीचं तोंड मिटलेलं होतं आणि जबडा सैल. बराच वेळ कान देऊन बसलो. तो आवाज आला नाही.

जाग आल्यावर मला बघून तिनं डोळे चोळले. मग न सांगता दाराच्या उजेडाकडं तोंड करून आ केला. मी हनुवटीला अंगठा लावला. डावीकडं टोपी चकाकत होती. तिच्यामागं दाढेची जागा रिकामी होती, ती तशीच राहणार. हिरड्यांची लाली मात्र उतरली होती.

"किती दाती?" तिनं विचारलं.

"अक्कलदाढा कुठं हायेत? अजून जुळली न्हाईस."

"मग बोली लावू नका," ती म्हणाली आणि दात घासायला गेली.