चानीचे केस

थोरले दीर मुरगाव बंदरात नोकरीला होते. गाव सोडून परदेशी निघालेल्या एका साहेबाचा दोन दारांचा फ्रिज त्यांनी घेतला, पण तो त्यांच्या खोलीच्या दारातून आत जाईना. म्हणून तो टेम्पोत घालून आमच्याकडे आमोण्याला पाठवला. त्यात आपोआप बर्फ करणारं यंत्र होतं. पाठीमागून पाण्याची बारीक नळी जायची, फ्रीझरमधल्या साच्यात पाणी पडून गोठायचं आणि तुकडे खाली ट्रेमध्ये खडखडायचे. मूळचा पाण्याचा फिल्टर हरवला होता. प्लंबरने गच्चीवरच्या टाकीतून नळी आणून थेट जोडून दिली.

त्याच सुमारास सासऱ्यांच्या घशाला कॅन्सरवरचे रेडिएशनचे शेक देऊन झाले होते. तोंड आतून सोललेलं. पेजसुद्धा गिळवत नसे. जिभेची चव गेली होती आणि ती परत येईलच असं डॉक्टर सांगत नव्हते. बर्फाचे तुकडे चघळा, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. म्हणून त्या यंत्राचं घरात कौतुक झालं. मी दर तासा-दोन तासांनी वाटीत तुकडे काढायचे आणि कुलेरीने त्यांच्या तोंडात घालायचे.

एका दुपारी त्यांनी तुकडा तळहातावर थुंकला.

"ह्या बर्फाक घाण येता," ते म्हणाले.

"कसली घाण, बाबा?" मी विचारलं.

"मेल्ल्या जनावराची."

माझा नवरा तिथेच बसला होता. "ती वखदांची चव, बाबा," तो म्हणाला. "तोंडाक कायबाय लागतलां म्हणून डॉक्टरान सांगल्यान ना?"

सासूबाईंना मात्र मी फ्रीझरमध्ये ठेवलेल्या बांगड्यांचा संशय आला. मी फ्रीझरमधली मासळी काढून टाकली, खण सोड्याच्या पाण्याने पुसले. सासरे तरीही तोंड वाकडं करत राहिले. मग तुकडे बारीक होऊ लागले, अर्धवट, पापुद्र्यासारखे, आणि एका सकाळी ट्रे कोरडाच. म्हापशाच्या मेकॅनिकला फोन केला की तो "फाल्यां येतां" म्हणायचा आणि यायचा नाही. शेवटी आम्ही दोघांनी फ्रिज ओढून बाहेर काढला.

मागची भिंतच आधी शिसारी आणणारी होती. चिकट धुळीत झुरळांची टरफलं, पालीची अंडी, आणि नळीखाली एक पिवळट ओघळ. नवऱ्याने प्लग काढला, तोटी बंद केली, बाल्दी लावून नळी सोडवली. मग तोटी थोडी उघडली. पाणी आलं, पण शेंबडासारखी तार धरून. त्याचा वास नाकात गेला आणि मला कळलं, सासरे कशाबद्दल बोलत होते.

नळी जिथे फ्रिजला जोडते तिथे एक बारीक जाळी असते. ती त्याने टोकदार पकडीने उपसली. जाळीवर राखाडी-तपकिरी लगदा बसला होता. मी तो जुन्या टूथब्रशने सोडवायला गेले तर ब्रशला गुंडाळून आला. केस होते.

"टाकी बघ," मी म्हणाले.

नवरा शिडीने गच्चीवर गेला. मग वरूनच म्हणाला, "तू येऊ नको."

मी गेले. टाकीचं झाकण वाऱ्याने सरकलं होतं. आत एक चानी तरंगत होती. ती खारच, हे कळलं फक्त शेपटीच्या काड्यांवरून. अंग फुगून फुटलं होतं, कातडी सुटली होती आणि पाण्यावर तेलकट साय धरली होती. पिण्याचं पाणी आम्ही विहिरीतून काढायचो, पण चुळा याच पाण्याने भरायचो; पेस्टच्या चवीत काही कळलं नव्हतं. आणि बर्फ याचाच. मी गच्चीच्या कडेला बसून ओकले.

चानी परसात पुरली. टाकी रिकामी करून ब्लीचिंग पावडरने तीनदा घासली, झाकणावर चिरा ठेवला. नळी जुनी नकोच म्हणून नवी आणली. फ्रीझरच्या आतली नळी गोठली होती, ती कोमट पाण्याने सोडवली. साचा काढून धुताना त्याच्याही कोपऱ्यात दोन केस निघाले. एक जोड गळत होता, त्याला पांढरी टेप गुंडाळून आवळला. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये खडखडलं. पहिले चार-पाच ट्रे मी मोरीत ओतले.

सासऱ्यांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. ताप नाही, पोट बिघडलं नाही, हे नशीब. नवऱ्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यांना किळस येईल, ते रागावतील असं मला वाटलं होतं.

"म्हणजे माका वास कळलो," ते म्हणाले. "चव पण कळली. जीब मेल्ली नाय."

त्यांनी सासूबाईंना हाक मारली आणि जिभेवर मिठाचा खडा ठेवायला सांगितलं. सोललेल्या तोंडात मीठ झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी मान डोलावत राहिले. आठवड्याभरात पेजेत खारातला आंबा कुस्करून मागू लागले. नव्या बर्फाचे तुकडेही मजेत चघळायचे.

मला ते बघवत नसे. वाटी त्यांच्या हाती देऊन मी स्वयंपाकघरात निघून जायचे. सासूबाईंनी एकदा सरबतात बर्फ घालून माझ्यापुढे पेला ठेवला. स्वच्छ, पारदर्शक तुकडे. मी पेला परसात नेऊन रिकामा केला आणि तो तिथेच दगडावर उपडा ठेवून आले.