मीठ घातलेल्या बर्फातलं रक्त

"मॅडम, तुम्ही रक्त पाठवलंय की कुल्फी?"

मुंबईच्या लॅबमधले डॉक्टर फोनवर तापले होते. इकडे नगरला, माझ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, आण्णा समोर बसून बशीतला चहा फुंकत होते. ते सॅम्पल मुंबईला त्यांनीच पोचवलं होतं.

फोन ठेवून मी विचारलं, "आण्णा, ट्यूब कशात ठेवून नेलीत?"

"बर्फात! वरून मीठबी टाकलं. लई कडक गार ऱ्हातं."

बर्फ लावायचा नाही, हे मी त्यांना दोनदा बजावलं होतं. पण आण्णा गावची दूध डेअरी चालवायचे. नासणाऱ्या मालातलं या बाईला काय कळतंय, असं त्यांचं मत असावं.

रक्त त्यांच्या मुलीचं, रेखाचं. कॉलेजात जाणारी पोरगी. तिला कपाळावर, उजव्या डोळ्यालगत पुन्हा पुन्हा नागीण उठायची. पुढच्या खेपेला डोळा वाचेल याची खात्री नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिच्यावर उपचार करणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांना तिच्या नॅचरल किलर सेल्स मोजून हव्या होत्या.

या म्हणजे पांढऱ्या पेशींमधली एक टोळी. बाकीच्या पेशी व्हायरसची ओळख पटवत बसतात, या थेट हाणामारीला उतरतात. मायक्रोस्कोपखाली त्या आपल्या भाईबंदांसारख्याच दिसतात. म्हणून त्यांना चमकणाऱ्या खुणा चिकटवून लेझरसमोरून एकेक सोडायचं आणि मोजायचं. तसलं मशीन तेव्हा नगरात कुठलं? शिवाय पेशी जिवंत पोचायला हव्यात, साध्या हवेच्या तापमानात, एका दिवसाच्या आत. आण्णांच्या मिठाने त्या गोठून फुटल्या होत्या.

"गार केलं न्हाई तर नासंल की वो!"

"आण्णा, ते दूध नाही."

"मग काय तापवून न्यायचं हुतं?"

माझं बीपी चढलं. पण डोळा पोरीचा जाणार होता, म्हणून तोंड आवरलं आणि रेखाला बोलावून पुन्हा रक्त काढायला बसले. रेखाची शीर सापडेना. एका हातात टोचलं, मग दुसऱ्या. आण्णा मागून विचारत होते, "थर्मास चालंल का?"

रेखाने बाही खाली ओढली.

"बाई, मशीन मुंबईत हाय ना? मग मलाच न्या की. इतकी वर्षं माझ्या अंगात रक्त नासलं न्हाई, मुंबईपतोर काय नासतंय?"

मी सुई खाली ठेवली. पहिल्या खेपेला तिला ताप होता, म्हणून प्रवास नको ठरलं होतं. ताप उतरला, तरी ठरलेलं तसंच चालू राहिलं. पुण्याचे, मुंबईचे आणि मी, सगळे डिग्रीवाले ट्यूबच्या मागे लागलो होतो.

आण्णा मात्र हटेनात. "डेअरीत कुणी गाय घेऊन येतं व्हय? दूधच येतं."

"मी गाय न्हाई, आण्णा."

बापलेक एसटीने गेले. रक्त तिथेच काढलं, लगेच मशीनवर लावलं. रिपोर्ट मी दोनदा वाचला. त्या मारेकरी पेशी जवळजवळ नव्हत्याच. पण निदान शत्रू कुठून घुसतोय ते कळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी व्हायरसला आवरणारी रोजची गोळी सुरू केली, नागीण पुन्हा डोळ्यापर्यंत आली नाही. पुढे डेअरीत दुधाचं फॅट रेखाच बघू लागली, दोन्ही डोळ्यांनी.

त्यातून मी एवढंच शिकले. रक्त न्यायला सगळ्यात चांगली बाटली म्हणजे पेशंट. तिला फक्त खिडकीची जागा लागते.