भोंगाकाकांचं पाणी

वरून ओतलेलं पाणी आमच्या भोंगाकाकांना चालत नसे. लग्नाच्या पंगतीत वाढपी जग घेऊन वाकला, की काका ग्लास पालथा घालून गरजत, "जग इकडं दे! माझं मी घेतो." त्या आवाजानं खडकी स्टेशनातली गाडी वेळेआधी सुटे, असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

कारण मात्र ते हळू आवाजात सांगत. "आमच्या आज्याला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. तो ओंजळ धरून खाली बसायचा आणि कुणीतरी लांबून वरून ओतायचं. लेका, ती ओंजळ मी पुढं चालवणार नाही."

दारूगोळा कारखान्यात उभी हयात भोंग्याशी स्पर्धा करून ते जिंकून निवृत्त झाले होते. विहारात त्यांनी त्रिशरण सुरू केलं, की पत्र्यावरची कबुतरं थेट बिबवेवाडीला जाऊन बसत.

अशा माणसाबरोबर मी चीनच्या दक्षिण टोकाला सहलीला गेलो. तिथं दाई नावाच्या बौद्ध लोकांचं उद्यान आहे. खांबांवर उभी बांबूची घरं, सोनेरी कळसाचं विहार, मोरनाच, आणि पर्यटकांसाठी रोज साजरा होणारा त्यांचा नववर्षाचा सण. सण म्हणजे एकमेकांवर पाणी ओतायचं! आमच्या सहलीतले शनिवार पेठेतले निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "एवढं पाणी आम्हाला आठवड्यात येत नाही. आणि हे उडवतायत."

काका विहाराच्या पायरीवर कोरडेठाक बसून राहिले. तेवढ्यात एक दाई आजी चांदीचा वाडगा घेऊन आली. पाण्यात पाकळ्या तरंगत होत्या. गाइड म्हणाला, "वडीलधाऱ्यांच्या खांद्यावर असं पाणी घालतात. मान असतो तो."

काकांचा हात वर गेला. ग्लास पालथा घालणारा तोच हात.

आजीला काय कळणार? ती त्यांच्या खालच्या पायरीवर गुडघे टेकून बसली, हात जोडले आणि वेगळ्याच चालीत म्हणू लागली, "बुद्धं सरणं गच्छामि..."

काकांचा हात खाली आला. मग आवाज लागला! मोरनाच थांबला, कारंजं बंद पडलं. (वीज गेली होती, असं हेडमास्तर सांगतात. त्यांचं ऐकू नका.) त्रिशरण संपलं आणि काकांनी आपणहून खांदा पुढं केला. पाणी पडलं. मग त्यांनी वाडगा मागून घेतला, दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्याही खालच्या पायरीवर उतरून हात जोडले आणि तिच्या खांद्यावर उरलेलं पाणी घातलं.

बसमध्ये म्हणाले, "आज्याच्या ओंजळीत पडायचं तेही पाणीच होतं रे. पण ओतणाऱ्यानं आधी हात जोडले का, ते बघायचं."

बुद्धपौर्णिमेच्या आमच्या पाणपोईवर काकांनीच रंगवलेली पाटी असते: 'पाणी हातात मिळेल. वरून ओतले जाणार नाही.' परत आल्यावर त्यांनी खाली एक ओळ वाढवली: 'ओतायचेच असल्यास आधी हात जोडावेत.'

यंदा काका नव्हते. पाणपोईवर मी एकटाच होतो. हेडमास्तर मुद्दाम शनिवार पेठेतून आले. चष्मा पुसून त्यांनी पाटी वाचली, माझ्यासमोर हात जोडले आणि जग उचलून माझ्या ग्लासात पाणी ओतलं.

मी ग्लास सरळच धरला.