धुतलेला स्पंज

लाँड्रीवाल्या काकूंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे गल्लीत कुणीही सांगेल. बटण तुटलं म्हणून एखादं गिऱ्हाईक तावातावानं आलं, तर काकू त्याच्या शर्टाची जन्मकथा काढून त्यालाच माफी मागायला लावतात. पण हे सगळे वरवरचे राग. आतला एक राग त्यांनी कित्येक वर्षं घडी घालून खाली दाबून ठेवला होता, आणि तो बाहेर आला एका स्पंजापायी.

दुकानात पुढे काउंटर आणि इस्त्रीचं टेबल, मागे धुण्याची मशिनं. सगळ्यावर राज्य काकांचं, म्हणजे काकूंच्या नवऱ्याचं. माणूस तसा देवमाणूस, पण स्वच्छतेचं भूत मानेवर बसलेलं. पाहुण्यानं चहाचा कप खाली ठेवायचा अवकाश, काका तो विसळायला उचलणार. एकदा तर अर्धा चहा कपात होता. या राज्यात काकूंच्या मालकीची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, कोपऱ्यातली माशांची टाकी. गोल्डफिश नखाएवढे होते तेव्हापासून त्यांनी वाढवलेले. काकू दिसल्या की सगळे काचेशी गर्दी करायचे. घरात दुसरं कुणी त्यांना बघून इतकं धावत येत नव्हतं.

जुन्या टाकीचा सांधा झिरपायला लागला म्हणून काकूंनी नवी, मोठी टाकी आणली. जुन्या टाकीतलं पाणी टबात काढून मासे त्यात सोडले. त्यांच्यासोबत फिल्टरचा स्पंजही त्याच टबात ठेवला, हवेचा पंप चालू ठेवून. स्पंज दिसायला भिकार, तपकिरी, बुळबुळीत. पण माशांची घाण पचवणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव त्याच मळात राहतात. ते गेले तर नवी टाकी म्हणजे नुसतं काचेचं पिंप. थोड्याच दिवसांत मासे स्वतःच्याच घाणीनं गुदमरणार. समोरच्या फिशटँकवाल्यानं काकूंना पहिल्यापासून बजावलं होतं, "स्पंज सांभाळा, मासे आपोआप सांभाळले जातील. फारच तुंबला तर टाकीतल्याच पाण्यात पिळा. नळाखाली मात्र कधी धरू नका."

सगळी तयारी झाली आणि काकू दवाखान्याचे धुतलेले पडदे पोचवायला गेल्या. परत येऊन बघतात तर स्पंज काउंटरवर, कोरा करकरीत, पिवळाधमक. पंपाची नळी जमिनीवर पडलेली. टबात मासे वर येऊन तोंडं उघडतायत. आणि काकांचा चेहरा असा, की आता कुणीतरी पाठ थोपटावी.

"बघ! ओळखू येतो का?" काका म्हणाले. "ब्लीचिंग पावडर, मग गरम पाणी. कसला मळ निघाला गं, शी!"

काकूंनी आधी नळी टबात टाकली. बुडबुडे सुरू झाले. मग त्या वळल्या.

"मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? मळलं होतं, धुतलं."

"मळलं होतं, धुतलं!" काकूंचा आवाज चढला. "आईची शालपण मळलीच होती, नाही का?"

काकांना क्षणभर काही कळेना. कळणार कसं? काकूंची आई गेली तेव्हा काकूंनी तिची शाल घरी आणून उशाखाली ठेवली होती. तिला आईच्या डोक्याच्या तेलाचा वास होता, औषधाचा होता, आईचा होता. एका दुपारी ती शाल दोरीवर वाळताना दिसली. त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, म्हणून काकू गप्प बसल्या, आणि मग गप्पच राहिल्या.

"अगं, तिच्यावर औषधाचे डाग होते," काका चाचरत म्हणाले. "मला वाटलं, तुला ते बघवत नसतील."

"तुम्हाला वाटलं! सगळं तुम्हालाच वाटायचं! माझ्याकडे तिचं तेवढंच उरलं होतं. ते तुम्ही गटारात सोडलंत, आणि वर इस्त्री करून माझ्या हातात आणून दिलंत! मी आभार मानावेत म्हणून उभे राहिला होतात समोर!"

पँट घेऊन आत येणारं एक गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच मागे फिरलं. शहाणं होतं.

"आता जा समोर," काकू म्हणाल्या. "त्याच्या चालू टाकीतला स्पंज मागून आणा. मळका. पिळायचा नाही, पुसायचा नाही, वाळू द्यायचा नाही."

त्या दुकानाला वास मारतो म्हणून काका आजवर नाक मुरडत आले होते. आज तिथेच मळ मागायला जायचं होतं. ते गेले. दारातून काकूंना दिसत होतं, काका हात जोडतायत, फिशटँकवाला पोट धरून हसतोय. येताना काकांनी स्पंज ओंजळीत धरला होता. रस्त्यात एक स्कूटर अंगावर आली तेव्हा त्यांनी तो छातीशी घट्ट आवळला, आणि परीटघडीच्या पांढऱ्या शर्टावरून तपकिरी ओघळ पोटापर्यंत आले.

काकूंनी स्पंज नव्या टाकीत बसवला. मासे बिचकू नयेत म्हणून नव्या टाकीचं पाणी वाटी वाटीनं टबात घालत राहिल्या. मग एकेकाला जाळीनं उचलून आत सोडलं. आधी ते कोपऱ्यात दबून बसले, मग हळूहळू फिरायला लागले. सगळ्यात थोरला तर लगेच काचेशी आला. मासे वाचले होते. काकूंचा राग मात्र होता तिथेच होता. शाल काही समोरच्या दुकानात मिळणार नव्हती.

मागे मोरीपाशी काका शर्टाची बटणं काढत होते. नळाकडे गेलेला हात मधेच थांबला.

"शर्ट... धुऊ का?"

उभ्या संसारात त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, आणि विचारलं ते कशाचं, तर स्वतःच्या शर्टाचं! काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही त्यांना संताप आला.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही धुवायचा."

काकांनी कारण विचारलं नाही. बटणं पुन्हा लावली आणि त्याच शर्टात ते गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर जाऊन उभे राहिले.