ताईने न पाहिलेला वाघ

आमच्या वरोऱ्याच्या सायबर कॅफेत पासवर्डची वही होती. आज वर्गातल्या पोरांना सांगितलं तर ती हसतील. पण दोन हजार सालानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे माणूस पंधरवड्यातून एकदा मेल पाहायला जायचा, आणि तेवढ्यात पासवर्ड विसरायचाच. म्हणून कॅफेवाल्या भाऊंनी एक लांबडी वही करून खिळ्याला टांगली होती. नाव, आयडी, पासवर्ड. ज्याने त्याने आपली ओळ पाहायची, बाकीच्यांनी तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करायचं, असा रिवाज. निम्म्या गावाचा पासवर्ड हनुमान नाहीतर जयभीम होता, तरी कोणी कोणाची ओळ वाचत नसे. मी वाचली. माझ्या ताईची.

ताई बी.एड. करत होती. तिला स्थळ आलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरचे नागपूरचे. दोघांनी आधी मेलवर बोलावं, मग पाहुण्यांनी पाहायला यावं, असं ठरलं. बाबांना हे इतकं आधुनिक वाटलं की त्यांनी ते चार घरी जाऊन सांगितलं. ताई दर रविवारी कॅफेत जायची. मी सोळा वर्षांचा होतो. मी बुधवारी जायला लागलो.

आधी नुसतं वाचलं. वाचून मला ताईची काळजीच वाटली. तिने लिहिलं होतं, आजचा पाठ बरा झाला, विषय मुळांचे प्रकार, आणि तलावात कमळं आली आहेत. त्याने लिहिलं होतं, पुण्यात गर्दी फार आहे. या चालीने ही दोघं म्हातारपणी बोहल्यावर चढणार, असं मला दिसलं. मग मी हातभार लावायचं ठरवलं.

एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत, ताई होऊन मी लिहिलं, की जंगलाकडच्या मोहर्लीच्या रस्त्यावर मला वाघ आडवा आला. मी लुना बंद केली. वाघाने माझ्याकडे पाहिलं, मी वाघाकडे पाहिलं, आणि तोच निघून गेला. ताईला लुना सोडा, सायकलही येत नव्हती. पण शुक्रवारी जाऊन पाहतो तर दोन पानी उत्तर. मला चेव आला. पुढच्या मेलांत ताईने ट्रॅक्टर चालवला, तलावात जाळं ओढलं, एका रानडुकराला हाकललं. मी पाठवलेला मेल आणि त्यावर आलेलं उत्तर, दोन्ही मी पुसून टाकायचो. त्यामुळे रविवारी ताईला फक्त तिच्या मेलांची उत्तरं दिसायची, आणि ती आखूड होत चालली होती. सगळा जीव तो रानडुकरावर खर्च करत होता.

"माणूस कमी बोलणारा दिसते," ताई आईला म्हणाली.

"बरंच हाय. तुह्या बाबापेक्षा बरा."

मग एकदा त्याचं वेगळंच उत्तर आलं. त्याला लहानपणापासून डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. घरचे म्हणत होते लग्नानंतर सांगू, पण त्याला ते पटत नव्हतं. तुम्हाला चालेल का, ते मोकळेपणी सांगा, असं शेवटी होतं. मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मागे नंबर लावून उभा असलेला माणूस कॅलेंडर पाहत होता.

"झालं का नाई बा? टाईम संपून राह्यला," भाऊ म्हणाले.

मी "चालेल" लिहिलं, पाठवलं आणि पुसलं.

दोन आठवड्यांनी पाहुणे आले. तो असा बसला की ताई त्याच्या उजव्या हाताला यावी. चहा आल्यावर हळूच म्हणाला, "कानाचं चालेल म्हणालात, तेव्हापासून मी निर्धास्त आहे. आणि तो वाघ मी ऑफिसात सगळ्यांना सांगितला."

"कोणता वाघ?" आई म्हणाली.

"कोणता कान?" बाबा म्हणाले.

त्याने पिशवीतून फाईल काढली. ताईच्या नावाने आलेले सगळे मेल छापून, तारखेने लावून ठेवले होते. ताईने फाईल मागून घेतली, पेन मागितलं, आणि नव्या साडीत, सहा माणसांसमोर, ती वाचत बसली. चहावर साय धरली. अकरा मेलांपैकी चारांवर तिने खूण केली.

"हे चार माहे. बाकी मी लिहिले नाईत. कानाचं तं मले आत्ता समजलं."

"मग लिहिलं कोणी?" त्याचे वडील म्हणाले.

बाबांना लगेच वही आठवली. "साऱ्या गावाचे पासवर्ड त्या कॅफेवाल्यापाशी."

मी बिस्किटांची ताटली धरून उभा होतो. म्हणालो, "हो, त्याच्यापाशीच."

दुसऱ्या दिवशी बाबांनी कॅफेत एवढा तमाशा केला, की भाऊंनी वही फाडून टाकली. अर्धं गाव आपल्या मेलला कायमचं मुकलं.

ताईने आठ दिवसांनी नाही म्हटलं.

"कानासाठी काऊन?" आईने विचारलं.

"कानाचं काई नाई. तो त्या ट्रॅक्टरवालीले पाहाले आला होता. तो जलमभर तिलेच शोधत राहीन."

बाबांनी नागपूरला नुसतं "योग नाही" असं कळवलं. नागपूरवाल्यांनी त्यातून काय समजून घेतलं असेल, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प राहिलो, वीस वर्षं.

मागच्या उन्हाळ्यात गोंडपिपरीला ताईकडे गेलो, तेव्हा सांगून टाकलं. ती लाखोळीची डाळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"मी त्या कॅफेवाल्या भाऊशी वीस वर्षं बोलली नाई."

"मी जाऊन सांगतो."

गेलो. भाऊ आता झेरॉक्स काढतात. म्हणाले, "मले माईत होतं. बुधवारी तूच येत होता."

"मग बोलले काऊन नाई?"

"तुह्या बाबानं मले बोलू कुठी देल्लं?"

परत येऊन ताईला हे सांगितलं. तिला हसू आलं, पण तिने ते पुरतं येऊ दिलं नाही. "अन् त्या माणसाले कोण सांगन? तो आजपर्यंत कानालेच दोष देत असन."

आता त्याचा पत्ता मिळाला आहे. त्याला मोठी मुलं आहेत म्हणतात. काय लिहू, असं मी ताईला फोनवर विचारलं.

"मले नको इचारू. तुह्या नावानं लिही."

मी लिहायला बसलो आहे. नकार कानामुळे नव्हता, एवढी पहिली ओळ झाली आहे.