पोळ्याला जीपला पाजलेलं तेल

अजीज मिस्त्री शहाद्याच्या एसटी स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. बसायचा म्हणजे बहुतेक वेळ आडवाच असायचा, कुणाच्या तरी गाडीखाली. बाहेर दिसायच्या त्या दोन टाचा, आणि गिऱ्हाईक त्या टाचांशीच बोलायचं. माणूस मुळात कमी बोलणारा. एका विषयावर मात्र त्याची जीभ सुटली की आवरत नसे, आणि तो विषय म्हणजे ब्रेकचं तेल.

साठ सालाच्या आसपास त्या भागात गाड्या होत्याच किती! कापूस आणि केळीवर हात जरा मोकळा झालेल्या तापीकाठच्या गुजर पाटलांनी लष्कराच्या लिलावातल्या जुन्या जीपा आणल्या होत्या. इंजिनाचं तेल बदलायला ते कुरकुरत का होईना, तयार होत. ते काळं झालेलं डोळ्यांना दिसे. ब्रेकचं तेल पायाखालच्या पत्र्याच्या आत, एका लहानशा नळकांड्यात दडलेलं. ते दिसत नाही, फारसं आटत नाही, आवाजही करत नाही. मग ते बदलायचं कशाला, हा पाटलांचा सवाल.

"पावसायामा बरनीमातलं मीठ कसं वलं व्हस?" अजीज गाडीखालून बाहेर येत विचारी. "तसंच शे हाई तेल. हवामातलं पानी वढी लेस."

मग तो सगळं सांगत बसे. झाकण कितीही घट्ट लावा, वर्षभरात तेलात पाणी मुरतंच. नवं तेल मधासारखं दिसतं, जुनं चहाच्या चोथ्यासारखं होतं. सपाटीवर काही कळत नाही. उतारावर ब्रेक दाबून दाबून तापला की तेलातलं पाणी उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफेवर पाय टेकत नाही. ब्रेकचा पायटा थेट पत्र्याला जाऊन भिडतो. म्हणून वर्षातून एकदा, पाऊस उघडला की, जुनं सगळं काढून सीलबंद डब्यातलं नवं भरायचं. फोडलेल्या डब्यात उरलेलं तेल तो स्वतःसुद्धा दुसऱ्या गाडीत घालत नसे. गंजलेले नट सोडवायला वापरून टाकी. पाटील मान डोलवत आणि "पुढच्या बाजारी करू" म्हणून निघून जात.

हे बोलणं पहिल्यांदा मनावर घेतलं ते पार्वतीबाईने. शहाद्यापासून दोन-अडीच कोसांवर, तापीच्या काठी तिचं गाव. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा रूपचंद आणि भरपूर शेती. अजीज मालेगावहून नवा नवा आला तेव्हा त्याच्या हाती कुणी खिळासुद्धा देत नव्हतं. नदीवरचं पाण्याचं इंजिन बंद पडलं म्हणून पार्वतीबाईने त्याला बोलावलं, आणि ते चालू झाल्यावर गावभर सांगत सुटली. तिथून त्याचं शहाद्यात बस्तान बसलं. अजीज तिला माय म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा.

रूपचंदने जीप आणली तेव्हा पार्वतीबाईने तिला गोठ्याशेजारी जागा दिली आणि दावणीच्या जनावरांत धरलं. एका दसऱ्याला अजीजने अंगणातच तिचं ब्रेकचं तेल बदललं. लोटन नावाचा सालदार पायटा दाबत होता, अजीज चाकाशी बसून ब्रेकच्या नळीतली हवा काढत होता, आणि म्हातारी ओट्यावरून बघत होती. मिठाची गोष्ट तिला लगेच पटली. तिच्या स्वैपाकघरात ती रोज घडत होती. "दर साल बदलनं पडी?" तिने विचारलं. अजीज हो म्हणाला. ते तिने पदराला गाठ मारावी तसं लक्षात ठेवलं.

पुढच्या वर्षी दिवाळी सरल्यावर रूपचंद जीपमध्ये डिझेलचं पिंप घेऊन नदीकडे उतरला. काही दिवसांपासून ब्रेक घट्ट लागत होता, चाकं तापत होती, गाडी ओढल्यासारखी चालत होती. त्याने कानाडोळा केला. उतारावर पायटा एकदम पत्र्यापर्यंत गेला. जीप बांध ओलांडून बाभळीवर आदळली आणि रूपचंदच्या खांद्याचं हाड मोडलं. शेजारी बसलेल्या लोटनने आधीच उडी टाकली होती म्हणून तो खरचटण्यावर निभावला.

जीप बैलांनी ओढत शहाद्याला आणली. तोवर हात गळ्यात बांधून रूपचंद स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानावर बसला होता आणि येईल त्याला सांगत होता, "मिस्तरीनं तेल पानी निंघनं." अजीजच्या कानांवर ते गेलं. त्याने आधी नळकांडं उघडलं.

आतले रबराचे वायसर भिजवलेल्या वालांसारखे फुगले होते. बोटाने दाबले तर कडा गळून हातात आल्या. त्याने बोट नाकाशी नेलं. शेंगदाण्याचा वास होता. ब्रेकच्या तेलाला काही केल्या शेंगदाण्याचा वास येत नाही.

लोटन बैल धरून दाराशीच उभा होता. अजीजने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"मायनी पाजं," लोटन खालच्या आवाजात म्हणाला. "पोयाले. बैलसले पाजं आनि मंग इले. साल भरत उनं व्हतं. रूपचंदभाऊ आज-उद्या करी ऱ्हायंता. घानीनं तेल व्हतं मिस्तरी, एकदम चांगलं."

पोळ्याला बैलांना बांबूच्या नळीने तेल पाजायची त्या घरची रीत होती. जीप दावणीला उभी, अंगावर गेरूचे ठिपके, गळ्यात माळ. तिला उपाशी ठेवणं पार्वतीबाईला पटलं नव्हतं. झाकण कुठे आहे ते लोटनने पाहिलेलं होतंच. अजीजला आधी रूपचंदचा राग आला आणि मग स्वतःचा. तेल कधी बदलायचं ते त्याने सांगितलं होतं, का बदलायचं तेही सांगितलं होतं. खायचं तेल रबराला फुगवतं, ते घालायचं नाही, हे सांगायची गरज असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"मायले नको सांगू," लोटन म्हणाला. "तिले समजनं त धसका लेई."

अजीजने फुगलेले वायसर चिंधीत गुंडाळून शेडमागच्या खड्ड्यात टाकले. रूपचंदने विचारलं तेव्हा "वायसर गयात" एवढंच बोलला. रूपचंदने त्याचा हवा तो अर्थ घेतला.

त्यानंतर शेडकडे जीपा फिरकेनाशा झाल्या. ज्या माणसाने वर्षानुवर्षं ब्रेकच्या तेलावरून लोकांचं डोकं खाल्लं त्याच्याच हातचा ब्रेक गेला, म्हणून लोकांना जरा मजाही वाटली. आता टाचांना कुणी हाक मारीना. एखाददुसरं पाण्याचं इंजिन, सायकलींची पंक्चरं, एवढ्यावर घर चालू लागलं. त्याची बायको मेहरुन्निसा हे मुकाट्याने सोसणारी नव्हती. तिला त्याने खरं सांगितलं होतं.

"बोल क्यों नहीं देते? बेटा तो सलामत है उसका."

"सलामत है, तभी तो माँ चैन से सोती है," अजीज म्हणाला.

पण नुसत्या चांगुलपणावर चूल पेटत नाही, हे त्यालाही दिसत होतं. पावसाळ्यात मेहरुन्निसाच्या भावाचा मालेगावहून निरोप आला की यंत्रमागावर मिस्त्री हवा आहे. शेड सोडायची या विचाराने अजीजला रात्रीचं जेवण जायचं नाही. तरी त्याने हो म्हटलं. मेहरुन्निसाने भांडी पोत्यात भरली, आणि मिठाची बरणी फुटू नये म्हणून जुन्या ओढणीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली. पोळा झाला की निघायचं ठरलं होतं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी शहाद्याचे बैल मिरवून झाले होते. स्टँडसमोर चहाला गर्दी होती, त्यात जीपवाले पाटीलही होते. अजीज शेडमध्ये हत्यारं पुसून पेटीत लावत होता. तेवढ्यात बाहेरचा गलका कमी झाला म्हणून त्याने मान वर केली.

पार्वतीबाई चालत आली होती. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, चपला हातात, लुगड्याचा काठ भिजलेला. एका पाटलाने उठून बाकावर जागा दिली, आणि एवढ्या वाटेने पायी का, गाडी का नाही जुंपली, जीप का नाही काढली, असं विचारलं.

"आज पोया शे," ती म्हणाली. "बैल जुंपतस का? आनि तीबी दावनलेच शे."

कुणीतरी हसलं. ती बाकावर बसली नाही. उभ्यानेच, धाप खाली बसायच्या आत बोलू लागली.

"बठ्ठा आयकी ल्या. रूपचंदना खांदा मन्हा हातनी मोडा. जीपले घानीनं तेल मी पाजं, गये पोयाले. अजीजनं तेल चांगलं व्हतं."

हातातला चहा कुणी प्यायला नाही. ज्या पाटलाने उठून जागा दिली होती तोच वर्षभर सर्वांत जास्त बोलला होता. तो आता आपल्या जीपकडे बघत राहिला.

ती शेडच्या दाराशी आली. "आज परत वाटी भरी व्हती मी. लोटननी हात धरा, मंग सांगं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू माले कसाले नही सांगं? मन्ही इज्जत झाकासाठे तुन्ही गमाडी."

अजीज खाली बघून पाना पुसत राहिला, जो मघाशीच स्वच्छ झाला होता. त्याचे डोळे भरले होते आणि ते तिला दिसू नयेत असं त्याला वाटत होतं.

"माय, बस. चहा ले," तो एवढंच म्हणाला.

"चहा मंग. तुन्हं तेल ले आनि चाल. बैल जेवनात. ती आजून भुकी शे."

अजीजने फळीवरचा सीलबंद डबा काढला, नवे वायसर आणि दोन पाने खिशात घातले आणि तिच्यामागून निघाला. त्या दिवशी त्या वाटेला बैलगाडी नव्हतीच. दोघं चिखल तुडवत गेली. डबा काही वेळ तिने धरला, काही वेळ त्याने.

अंगणात त्याने पत्रा उचलला, जुनं तेल काढलं, वायसर बदलले. डबा फोडून म्हातारीच्या हातात दिला आणि रंगावर थेंब पडू देऊ नको, रंग निघतो, असं बजावलं. थेंब पडलाच. हवा काढायची वेळ आली तेव्हा लोटन पुढे झाला, पण त्याच्या आधी रूपचंद ओट्यावरून उठला आणि जीपमध्ये जाऊन बसला. खांदा थोडा वाकडा जुळला होता. अजीज चाकाशी बसला. "दाबा," तो म्हणाला, रूपचंदने दाबलं. "सोडा," म्हणाला, सोडलं. चारही चाकं होईपर्यंत दोघांत तेवढंच बोलणं झालं, आणि शेवटी रूपचंदने स्वतः जाऊन त्याच्या हातावर पाणी घातलं.

पुढे त्या भागातल्या जीपांचं ब्रेकचं तेल पोळ्याला बदलू लागलं. पाऊस उघडल्यावर बदललेलं बरं, असं अजीज म्हणत राहिला, पण कुणी ऐकलं नाही. दर साल बदलतात हेच पुष्कळ, म्हणून त्यानेही नाद सोडला. पार्वतीबाई होती तोवर तिच्या जीपला तिनेच पाजलं.

त्या दिवशी तो घरी परतला तेव्हा दिवेलागण झाली होती. बांधून ठेवलेली पोती तशीच दाराशी होती. हातपाय धुऊन तो जेवायला बसला. भाजीत मीठ कमी होतं. मागावं म्हणून त्याने मान वर केली, तर मिठाची बरणी ओढणीतून सुटून चुलीशेजारच्या फळीवर, आपल्या जागी बसलेली होती.